काशीचा शिंदे घाट आणि मराठी तालीम : सत्ता गेल्यावर उरलेलं बळ

 

आजचा विषय जरा वेगळा आहे. लढाई नाही, तह नाही, किल्ला नाही. विषय आहे खांदे, छाती, पाठ आणि मनगटं. आजची मुलं जिममध्ये जाऊन ज्याला 'अप्पर बॉडी' म्हणतात, ते. आणि ठिकाण आहे काशीचा शिंदे घाट. ही दोन टोकं एकमेकांना कशी जोडायची, असं तुम्हाला वाटेल. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या काशीत ती जोडलेलीच होती. कशी, ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

आज मला एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. १८१८ साली मराठ्यांची सत्ता गेली. फौज मोडली, तोफा गेल्या, किल्ले गेले. मग त्या फौजेला माणसं पुरवणाऱ्या तालमीचं काय झालं? राज्य बुडालं की तालीमही बुडते का?

घाट कुणी बांधला

आधी जागा समजून घेऊ. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट तिच्या पश्चिम काठावर आहेत. त्यामुळे घाटाच्या पायरीवर उभं राहिलं की समोर सूर्य उगवतो. मणिकर्णिका घाट तुम्हाला माहीत आहे. तिथल्या चिता विझत नाहीत, असं म्हणतात. त्याला लागून उत्तरेकडे शिंदे घाट. तिथून पुढे चालत निघालात की संकठा घाट, भोसले घाट, राम घाट, पंचगंगा घाट, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. या पट्ट्यात मराठी माणसाला परकं वाटतच नाही. भोसले घाट नागपूरकरांचा. आत गल्लीत शिरलं की विश्वनाथाचं मंदिर, जे अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभं केलं. पंचगंगा आणि दुर्गा घाटाच्या मागच्या गल्ल्यांत दक्षिणेकडून आलेली मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या राहिली.

शिंदे घाट बांधला बायजाबाई शिंद्यांनी. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची ही मुलगी. १७९८ साली पुण्यात दौलतराव शिंद्यांशी लग्न झालं. १८२७ साली दौलतराव गेले आणि ग्वाल्हेरचा कारभार बाईंच्या हाती आला. त्यांनी काशीत ज्ञानवापीच्या विहिरीवर खांबांचा मंडप बांधला आणि १८३० च्या सुमारास गंगेकाठी हा घाट बांधायला घेतला.

घाट भव्य होता, दगडी होता आणि फार जड होता. नदीकाठच्या मातीला ते ओझं पेलवलं नाही. बांधकाम स्वतःच्याच भारानं खचलं. आज आपण जो घाट पाहतो, तो १९३७ च्या सुमारास पुन्हा बांधलेला आहे. शेजारीच रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे. ते एका बाजूला इतकं कललेलं आहे की पहिल्यांदा पाहणारा माणूस स्वतःची मान वाकडी करून बघतो. वर्षातले बरेच महिने त्याचा गाभारा पाण्यात असतो. काशीत या कललेल्या देवळाबद्दल शापाच्या गोष्टी सांगतात. जमीन मात्र साधी गोष्ट सांगते. वर कितीही चढवा, पाया बसला नाही तर वरचं टिकत नाही.

ही गोष्ट लक्षात ठेवा. खांद्यांकडे वळलो की तिचा उपयोग होईल.

राज्य गेलं, तालीम निघाली

आता १८१८ कडे वळू. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाखांचा तनखा आणि राहायला कानपूरजवळचं बिठूर, म्हणजे ब्रह्मावर्त, अशी व्यवस्था ठरली. त्यांचे बंधू चिमाजीअप्पा काशीला येऊन राहिले. दत्तक बंधू अमृतराव त्याआधीपासून काशीत होते.

दरबार हलतो तेव्हा फक्त राजा जात नाही. भटजी, कारकून, वैद्य, आचारी, गवई आणि त्यांची कुटुंबंही जातात. त्यांच्याबरोबर तालमीतली माणसंही गेली.

यातलं सर्वांत महत्त्वाचं नाव बाळंभटदादा देवधर. मल्लखांब खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला हे नाव माहीत असतं. परंपरा अशी सांगते की दुसऱ्या बाजीरावांच्या काळात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यात आले. आमच्याशी लढा, नाहीतर जितपत्र द्या, असं त्यांनी आव्हान दिलं. कुणी पुढं येईना. तेव्हा तरुण बाळंभट उठला आणि त्यानं तयारीला मुदत मागितली. तो वणीच्या सप्तशृंगीला गेला. तिथं माकडांच्या उड्या, झाडाला घातलेले विळखे आणि पकड पाहून त्यानं लाकडी खांबावर मेहनतीची पद्धत बसवली. परत येऊन त्यानं गुलाबला चीत केलं. अलीनं मग कुस्ती धरलीच नाही.

या कथेत देवीचा दृष्टांत आहे, मारुतीचा प्रसाद आहे. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मी त्याला परंपरेची कथा म्हणतो आणि तिथंच थांबतो. एक गोष्ट मात्र निश्चित आहे. मल्लखांब बाळंभटांनी शून्यातून काढला नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या मेहनतीत खांबावरच्या कसरतीचाही समावेश आहे. म्हणजे दख्खनमध्ये ही विद्या जुनी होती. बाळंभटांनी तिला नवा जीव दिला, शिस्त दिली आणि शिष्य दिले. शिष्य देणं ही त्यातली सर्वांत मोठी गोष्ट.

बाजीराव बिठूरला गेले तेव्हा बाळंभटही उत्तरेत गेले आणि तिथून ही विद्या काशीत रुजली, असं गुरुपरंपरा सांगते. कोंडभटनाना गोडबोले, दामोदरगुरू मोघे ही नावं त्या परंपरेत आजही आदरानं घेतली जातात. नावांकडे नीट बघा. देवधर, गोडबोले, मोघे. ही भिक्षुकांची, वैदिकांची आडनावं आहेत. पोथी वाचणारी आणि खांबावर चढणारी माणसं एकाच घरातली होती. ज्याच्या हातात पळी, त्याच्याच मनगटात पकड.

मेहनत नेमकी काय होती

आता खुद्द मेहनतीकडे येऊ. मी आयुष्याची बरीच वर्षं लष्करात काढली आहेत आणि रोजच्या सकाळच्या पीटीतून शरीर कसं बनतं आणि कसं मोडतं, हे जवळून पाहिलं आहे. म्हणून हा भाग जरा तपशिलात सांगतो.

काशीच्या किंवा पुण्या-कोल्हापूरच्या जुन्या आखाड्यात कमरेच्या वरच्या भागाची मेहनत साधारण पाच कामांतून व्हायची.

पहिलं काम, हौदा उकरणं. कुस्तीच्या हौद्यातली माती फावड्यानं खणायची, उलथायची, मऊ करायची. नवा पोरगा आला की त्याच्या हाती आधी फावडं मिळायचं. लोकांना वाटतं, हे झाडलोटीसारखं हलकं काम. तसं नाही. फावडं उचलताना पाठ, खांदे, दंड आणि पकड सगळं एकत्र काम करतं. शरीर गरम होतं आणि अंगातला माजही उतरतो.

दुसरं काम, जोर. हिंदीत दंड म्हणतात, आपल्याकडे जोर. हातपाय जमिनीवर, कंबर वर. मग छाती जमिनीला घासेल अशी खाली आणत पुढं न्यायची, मान वर, आणि पुन्हा मागं. साध्या पुश-अपमध्ये शरीर फळीसारखं सरळ वरखाली जातं. जोरात ते वळण घेतं. छाती, दंडाची मागची बाजू आणि खांदे तर लागतातच, पण कणाही मागं-पुढं वाकतो आणि खांद्याचा सांधा मोठ्या वर्तुळात फिरतो.

तिसरं काम, जोडी. दोन हातांत दोन मुद्गल. लहान, मोठे, करेला, वजनाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे नावं वेगळी. एक पाठीमागून फिरून पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातो. काशीत जोडी फिरवण्याला विशेष मान आहे. नागपंचमीला तिथल्या आखाड्यांत जोडीच्या स्पर्धा होतात. काही जोड्यांना खिळे ठोकलेले असतात, म्हणजे हात ढिला पडला की पाठ फाटलीच.

चौथं काम, गदा. बांबूचा दांडा आणि टोकाला दगडाचा गोळा. एका खांद्यावरून पाठीमागं सोडायची आणि दुसऱ्या खांद्यावरून पुढं आणायची.

इथं थोडं यंत्रशास्त्र पाहू. पाच किलोचं डंबेल तुम्ही मुठीत धरता, तेव्हा त्याचं वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं. मनगटाला फक्त ते पेलायचं असतं. तेच पाच किलो हातभर लांब दांड्याच्या टोकाला गेलं की ते मनगटाला पिळायला लागतं. दांडा जितका लांब, तितका पीळ जास्त. म्हणून जिममध्ये पंचवीस किलोचं डंबेल सहज उचलणारा तरुण आखाड्यातली साधीशी गदा पहिल्यांदा फिरवताना गडबडतो. तो कमकुवत नसतो. त्याचं बळ एका रेषेत बसवलेलं असतं आणि गदा त्याला वर्तुळात मागते.

पाचवं काम, मल्लखांब आणि दोर. आतापर्यंतचं बरंचसं ढकलणं आणि फिरवणं होतं. हे ओढणं. साधारण अडीच मीटर उंचीचा, वर निमुळता होत जाणारा, सागवानी किंवा शिसवी खांब. त्याला एरंडेल चोळलेलं. निसटू नये म्हणून हाताची, बगलेची, मांडीची पकड एका क्षणात बदलावी लागते. वर चढताना पाठीचे रुंद स्नायू, दंड आणि बोटं लागतात. उतरताना तेच स्नायू लगाम खेचल्यासारखे वापरायचे. यात वजन कुठून आणायचं? कुठूनच नाही. स्वतःचं शरीर हेच वजन.

ही पाच कामं एकत्र ठेवून पाहा. उकरणं, ढकलणं, फिरवणं, तोलणं, ओढणं. खांद्याचा सांधा शरीरातला सर्वांत मोकळा आणि म्हणूनच सर्वांत लवकर निखळणारा सांधा. त्याला सगळ्या दिशांनी कामाला लावणारा हा क्रम आहे. आज अनेक मुलं सोमवारी बेंच प्रेस, बुधवारी बेंच प्रेस आणि शनिवारी आरशासमोर पुन्हा तेच करतात. छाती फुगते, पाठ मागं राहते, खांदे पुढं झुकतात आणि तिशीत डॉक्टरकडे जावं लागतं. पाया बसला नाही आणि वरचं चढवत गेलं की काय होतं, ते शिंदे घाटानं आधीच दाखवलं आहे.

लष्करातही यातलाच एक भाग मी पाहिला. आमच्या बीपीईटीत पाच किलोमीटर धावण्याबरोबर उभा दोर आणि आडवा दोर असायचा. हात फक्त जाड असून दोरावर चालत नाहीत. शरीराच्या वजनाच्या मानानं पकड किती, हेच तिथं ठरतं. आखाड्यातला दोर आणि पलटणीतला दोर दोघांनाही दिखाऊ दंड कळत नाहीत.

बायका कुठे होत्या

आता एक प्रश्न मी मुद्दाम विचारतो. ही सगळी पुरुषांचीच गोष्ट होती का?

बहुतेक होती. आखाड्याची माती, लंगोट, ब्रह्मचर्याचे नियम या सगळ्या चौकटीत बाईला जागा नव्हती. पण या घाटाशी जोडलेल्या दोन बायका मात्र या चौकटीत बसत नाहीत.

एक खुद्द बायजाबाई. १८३३ साली दत्तकपुत्र जनकोजीराव आणि त्यांच्या बाजूच्या लोकांनी त्यांना ग्वाल्हेरमधून बाहेर काढलं. त्या फतेहगडला असताना १८३५ साली फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई त्यांना भेटली. तिचं प्रवासवर्णन १८५० साली प्रसिद्ध झालं. त्यात ती लिहिते की बायजाबाई आणि त्यांच्या सोबतच्या मराठी बायका तरबेज घोडेस्वार होत्या. इंग्रज बायका घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसतात, याचं त्यांना हसू आलं. फॅनीबाईनं मग मराठी पद्धतीनं मांड टाकून घोडा फिरवून पाहिला आणि तिला तीच पद्धत बरी वाटली.

दुसरी मणिकर्णिका तांबे. तिचे वडील मोरोपंत तांबे काशीत चिमाजीअप्पांच्या पदरी होते. तिचा जन्म काशीचा. जन्मवर्षाबद्दल १८२८ आणि १८३५ अशी दोन मतं आहेत. तिचं नाव शिंदे घाटाला लागून असलेल्या त्या घाटाचंच. १८३२ साली चिमाजीअप्पा वारले, मोरोपंत बिठूरला गेले आणि मुलगी पेशव्यांच्या वाड्यात वाढली. पुढं ती झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली.

तिच्या व्यायामाबद्दल आपल्याला कसं कळतं? विष्णुभट गोडशांमुळे. पेण तालुक्यातल्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली घराबाहेर पडला. का पडला? बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, तिथं दक्षिणा मिळेल, असं त्यानं ऐकलं होतं. म्हणजे ज्या बाईनं हा घाट बांधला, तिच्याच यज्ञाच्या वार्तेमुळे तो उत्तरेत गेला, बंडात सापडला, झाशीच्या वेढ्यात अडकला, काशी करून आला आणि बऱ्याच वर्षांनी त्यानं 'माझा प्रवास' लिहिला. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली छापलं.

त्यात राणीच्या दिनचर्येचं वर्णन आहे. बाईंना कसरतीचा शौक फार, पहाटे उठून शरीरमेहनत करायची, मग घोडा फेरायचा, असं तो सांगतो. गोडसे आठवणीतून लिहितो, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. पण राणीची स्तुती करायला त्याच्याकडे देवपूजा होती, दानधर्म होता. पहाटेची मेहनत त्याला नोंदवण्यासारखी वाटली, कारण ती त्याच्या नजरेत भरली. एखादी बाई अशी मेहनत करते, हे त्यालाही नवलाचं होतं.

मला यातून एवढंच दिसतं. तालमीचं दार बायकांना बंद होतं, पण वाड्याच्या आत असलेल्या तालमीत एका मुलीला शिरता आलं आणि तिनं त्याचं काय केलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. किती मुली बाहेर राहिल्या, त्यांचा हिशेब कुठल्याच बखरीत नाही.

मुद्गल विलायतेला गेला

याच काळात आणखी एक गमतीची गोष्ट घडत होती. कंपनीच्या फौजेतल्या इंग्रजांनी शिपायांना मुद्गल फिरवताना पाहिलं. त्यांना ते आवडलं. हलके, गुळगुळीत लाकडी मुद्गल करून ते विलायतेला पोचले. १८३४ साली डोनाल्ड वॉकरच्या व्यायामाच्या पुस्तकात त्यांना जागा मिळाली. १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये सिम केहो या माणसानं 'इंडियन क्लब'वर अख्खं पुस्तक छापलं, आणि तो स्वतः मुद्गल विकतही होता. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धा झाली. ती अमेरिकेच्या एडवर्ड हेनिगनं जिंकली. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये ती पुन्हा झाली आणि जॉर्ज रॉथ जिंकला.

आपली वस्तू, त्यांचं पदक. पण मला त्याचा राग येत नाही. वेगळीच गोष्ट बोचते. इंग्रजांनी मुद्गल घेतला आणि लगेच पुस्तक लिहिलं, आकृत्या काढल्या, वजनं नोंदवली. आपल्याकडे शेकडो वर्षांची विद्या होती, पण ती वस्तादाच्या तोंडात आणि शिष्याच्या अंगात. वस्ताद गेला की अर्धी विद्या त्याच्याबरोबर गेली.

ही उणीव ज्यांनी ओळखली, त्यांच्यात बडोद्याची माणसं पुढं होती. बडोद्यात जुम्मादादांचा आखाडा होता. ते मुसलमान उस्ताद. त्यांचा पट्टशिष्य गजानन तांबे, म्हणजेच राजरत्न प्रोफेसर माणिकराव. माणिकरावांनी गुरूचं नाव आयुष्यभर आपल्या संस्थेवर ठेवलं. बडोद्यातूनच आबासाहेब मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत काढले. १९३६ पासून पुढची दहाबारा वर्षं हे काम चाललं. मल्लखांब, कुस्ती, जोडी, फरी-गदगा, लाठी, सगळं चित्रांसकट. मराठी भाषेत असं काम झालं, याचा आपल्याला अभिमान असायला हवा, आणि ते आज किती घरांत आहे, हेही स्वतःला विचारायला हवं.

सत्ता गेली, तालीम का राहिली

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. राज्य बुडालं तरी तालीम का बुडाली नाही?

पहिलं कारण, तिला फारसं काही लागत नव्हतं. तोफखान्याला ओतशाळा लागते, घोडदळाला कुरणं आणि पैसा लागतो. तालमीला थोडी माती, एक खांब, दोन मुद्गल आणि एक वस्ताद पुरतो. तिला ना तनखा लागत होता, ना जहागीर.

दुसरं कारण, ती बंदीत सापडत नव्हती. १८७८ च्या हत्यार कायद्यानं सामान्य माणसाच्या घरातली तलवार गेली. जोर काढण्यावर कुणी कायदा करू शकलं नाही. म्हणून विसाव्या शतकात जेव्हा पुन्हा संघटनेची गरज पडली, तेव्हा लोक आधी आखाड्याकडेच वळले. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला, तेच पुढचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. १९२४ साली पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ उभं राहिलं, १९२५ साली दादरला समर्थ व्यायाम मंदिर.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं. तालमीनं स्वतःची सीमा आखली नाही. कोकणातल्या आडनावाचा माणूस काशीत शिकवू लागला. काशीच्या आखाड्यांत यादवांची, मल्लाहांची पोरं घुमू लागली. मुसलमान उस्तादाचा हिंदू शिष्य बडोद्यात गुरूचं नाव चालवू लागला. जिथं तालमीनं दार बंद ठेवलं, जातीसाठी किंवा बाईसाठी, तिथं ती स्वतःच आक्रसली. जिथं दार उघडलं, तिथं वाढली. काशीच्या तुळशी घाटावरच्या स्वामीनाथ आखाड्यात २०१७ सालच्या नागपंचमीला मुली हौद्यात उतरल्या. आज मल्लखांबात मुली मुलांच्या बरोबरीनं पुढं आहेत. मध्य प्रदेशानं २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२१ चा अर्जुन पुरस्कार हिमानी परबला मिळाला आणि २०२४ साली समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांड्यांना पद्मश्री.

तरी सगळं छान आहे, असं मी म्हणणार नाही. पुण्यात चिंचेची तालीम, खालकर तालीम, जगोबादादा तालीम ही नावं चौकांच्या आणि गणपतीच्या संदर्भात जास्त ऐकू येतात, मेहनतीच्या संदर्भात कमी. काशीच्या घाटांवर पहाटे मला जोर काढणारी माणसं दिसली, पण त्यातली बरीच माझ्याच वयाची होती. तरुण पोरं वर गल्लीतल्या जिममध्ये. जिमला माझा विरोध नाही. लोखंड चांगलं आहे, शास्त्र चांगलं आहे, मोजून वजन वाढवणं तर फारच चांगलं आहे. पण तिथला मुलगा एकटा असतो. कानात गाणी, समोर आरसा. त्याला चुकलास असं सांगणारा वस्ताद नसतो आणि पावडर की सुई, असा प्रश्न आला तर उत्तर देणारा भलताच कुणीतरी असतो.

तालमीत आरसा नव्हता. शेजारचा जोडीदार हाच आरसा. तो हसला की आपलं चुकलं.

एक काम तुमच्यासाठी

मंडळी, या मालिकेत मी सहसा गृहपाठ देत नाही. आज देतो.

तुमच्या गावात, पेठेत किंवा मोहल्ल्यात, मग तुम्ही साताऱ्यात असा, इंदुरात असा, बेळगावात असा की काशीच्या दुर्गा घाटावर असा, एखादी जुनी तालीम असेलच. चालू असो वा बंद. तिथं जा. तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारा. तुमचे वस्ताद कोण? त्यांचे वस्ताद कोण? आणि तुमच्या तालमीत मेहनतीचा क्रम कसा होता, आधी काय, मग काय? जे सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी कागदावर उतरवा. त्यांच्या परवानगीनं, तारखेसकट, त्यांच्याच शब्दांत. तालमीत जुना मुद्गल असेल तर त्याचा फोटो घ्या, वजन करा, लांबी मोजा.

कारण बाळंभटांपासून आपल्यापर्यंतची साखळी फक्त नावांची आहे. एका माणसानं दुसऱ्याचा हात धरून दाखवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. मधला एक जण न सांगता गेला की साखळी तुटते. आणि ती तुटली, हे कुणाला कळतही नाही, कारण पडझड दिसायला तिथं दगडाचा घाट नसतो.

शिंदे घाट खचला तेव्हा तो पुन्हा बांधायला ग्वाल्हेरचं संस्थान होतं. तुमच्या पेठेतल्या वस्तादाचं ज्ञान पुन्हा बांधायला कुणीही येणार नाही. ते काम आपलंच आहे, आणि ते या आठवड्यात होण्यासारखं आहे.

पुढच्या भागात विष्णुभट गोडशांच्या बरोबर आपण वरसईहून निघू आणि १८५७ च्या उत्तर हिंदुस्थानात त्याला काय काय दिसलं, ते पाहू. तोवर सकाळी उठून निदान पंचवीस जोर काढा. खांदे ताठ ठेवा, घाई करू नका, आणि रोज करा.

नमस्कार.